मनोरंजनाच्या पानामागची धावपळ

महोदय,

मनोरंजन पुरवणी म्हणजे चकचकीत फोटो आणि गॉसिप, असा शेरा वाचकपत्रांत अधूनमधून येतो. हे पान बरीच वर्षं सांभाळल्यामुळे थोडं लिहावंसं वाटलं.

सिनेमा प्रदर्शित होण्याआधी मुलाखतींचा रतीब सुरू होतो. कलाकार भेटतो जेमतेम दहा-पंधरा मिनिटं, तीही बहुधा चार-पाच पत्रकारांच्या घोळक्यात. प्रसिद्धी सांभाळणारी व्यक्ती शेजारी घड्याळ बघत बसलेली. 'वैयक्तिक प्रश्न नकोत' हे आधीच बजावलेलं. सगळ्यांच्या रेकॉर्डरवर तीच वाक्यं, आणि संपादकाला त्यातून वेगळा मथळा हवा! परीक्षणासाठी कधी खास खेळ ठेवतात, पण ठरलेल्या वेळेआधी छापायचं नाही या अटीवर. खेळ ठेवलाच नाही, तर पहिल्या शोचं तिकीट काढून पळायचं. (ज्येष्ठ कलावंतांचे मृत्युलेख मात्र आधीच तयार असतात. ऐकायला क्रूर वाटेल, पण रात्री उशिरा बातमी आली की चुका त्यामुळेच टळतात.)

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. पैसे घेऊन छापलेला मजकूर परीक्षणाशेजारी, त्याच टायपात लागतो आणि 'जाहिरात' हा शब्द कोपऱ्यात, भिंग घेऊन शोधावा इतका बारीक. समीक्षकाने दोन स्टार दिलेल्या सिनेमाची त्याच पानावर आरती! शिव्या खातो तो संपादक. आपल्या पुरवणीत तरी अशा मजकुराला स्वतंत्र चौकट आणि ठळक अक्षरांत सूचना असावी, ही विनंती.

– एक निवृत्त मनोरंजन संपादक