दोष नाकाचा नाही, अंतराचा आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

समाजमाध्यमं आणि मुलींचं रूप या विषयावर लिहिणारे बहुतेक जण ‘स्वतःवर प्रेम करा’ एवढं सांगून थांबतात. सल्ला चांगला आहे. पण सोळा वर्षांच्या मुलीला फोनमध्ये आपलं नाक खरोखरच मोठं दिसत असतं, आणि डोळ्यांना दिसतं ते खोटं मानायला कुणीच सहजी तयार होत नाही. तिला आधी हे कळायला हवं की फोटो तसा येतो कशामुळे.

कोपर थोडं दुमडून सेल्फी काढली की फोन चेहऱ्यापासून साधारण 30 सेंटिमीटरवर असतो. नाकाच्या शेंड्यापासून कान सुमारे 12 सेंटिमीटर मागे असतात. म्हणजे कॅमेऱ्यापासून नाक 30 वर आणि कान 42 वर. जवळचं मोठं दिसतं, त्यामुळे कानांच्या मानाने नाक 40 टक्के फुगतं, कपाळ आणि गाल मागे सरकतात, चेहरा निमुळता होतो. तोच फोन दीड मीटरवर नेला की हा फरक 8 टक्क्यांवर येतो. अमेरिकेतल्या संशोधकांनी 2018 मध्ये असंच गणित मांडलं होतं: 12 इंचांवरून काढलेल्या सेल्फीत चेहऱ्याच्या रुंदीच्या मानाने नाकाचा तळ सुमारे 30 टक्के अधिक रुंद भासतो, 5 फुटांवरून तसं होत नाही. त्याच देशात चेहऱ्याच्या प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेने 2017 साली पाहणी केली, तेव्हा 55 टक्के सर्जनांनी सांगितलं की सेल्फीत चांगलं दिसावं म्हणून शस्त्रक्रिया मागणारे लोक त्यांच्याकडे येतात. जो दोष चार पावलं मागे सरकून जातो, त्यासाठी माणसं सुरीखाली जायला तयार आहेत, हे वाचून जीव तुटतो.

आरशात मात्र नाक एवढं मोठं दिसत नाही. आरशापासून 30 सेंटिमीटरवर उभं राहिलं तरी प्रतिमा 60 सेंटिमीटरवरची दिसते, म्हणून ती फोनपेक्षा कमी फुगलेली असते. शिवाय आरसा डावं-उजवं उलटवतो आणि आयुष्यभर आपण तोच उलटा चेहरा ओळखत आलेलो असतो. कुणाचाच चेहरा दोन्ही बाजूंनी अगदी सारखा नसतो. पुढचा कॅमेरा फोटो काढताना आरशासारखं दाखवतो, आणि अनेक फोन तो जतन करताना सुलटा करतात. बटण दाबल्यावर क्षणभरात ‘माझं तोंड वाकडं आहे’ असं वाटतं ते यामुळे. इतरांना तो चेहरा वाकडा वाटत नाही, कारण ते रोज तोच पाहतात.

घरी करून पाहण्यासारखं आहे. फोन चेहऱ्याच्या उंचीवर, दीड मीटर दूर, कशाला तरी टेकवून ठेवा. मागचा कॅमेरा, 2 पट झूम, 10 सेकंदांचा टायमर. चेहरा चौकटीच्या मध्यावर हवा, कडेला गेला तर रुंद लेन्स तो ताणते. उजेड समोरून, खिडकीचा. डोक्यावरच्या दिव्याखाली डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते आणि तिलाच काळी वर्तुळं समजलं जातं. त्याआधी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ब्यूटी मोडची पट्टी शून्यावर आणा. काही फोनमध्ये तो विकत घेतल्यापासूनच चालू असतो, आणि व्हिडिओ कॉलच्या अ‍ॅपमध्ये वेगळा असतो, तो वेगळा बंद करावा लागतो. मग हा फोटो आणि नेहमीची सेल्फी शेजारी ठेवा. दोन चेहरे दिसतात, आणि मुलगी तर एकच आहे.

फिल्टरचं काम याहून चिवट. चेहऱ्यावरचे शेकडो बिंदू पकडून प्रोग्रॅम त्यांची जाळी बांधतो, मग जबडा आत, ओठ बाहेर, डोळे मोठे असं ओढतो आणि कातडीवरचा बारीक फरक पुसून टाकतो. त्यात पुरळाबरोबर रंध्रंही जातात. खऱ्या कातडीला रंध्रं असतातच, ती कुठल्याही क्रीमने नाहीशी होत नाहीत. तरी ती घालवायच्या नादात कातडी सोलणारी ॲसिडची सीरम, रेटिनॉलची क्रीम, स्क्रब असं सगळं एकाच आठवड्यात लावलं जातं, कातडीचं वरचं संरक्षण उतरतं आणि जळजळ, लाली सुरू होते. मग ती लाली झाकायला पुन्हा फिल्टर. चेहऱ्यासमोरून हात फिरवला की फिल्टर फाटतो ही जुनी खूण आता धरू नका, 2023 पासूनचे काही फिल्टर हाताआडही टिकतात.

‘हे छायाचित्र सुधारलेले आहे’ असा शिक्का मारण्याचे कायदे झाले आहेत: फ्रान्समध्ये जाहिरातींसाठी ऑक्टोबर 2017 पासून, नॉर्वेत जुलै 2022 पासून. हेतूबद्दल आदर आहे, पण अशा शिक्क्याने मुलींची स्वतःबद्दलची नाराजी फारशी कमी होत नाही, असंच बहुतेक प्रयोगांत दिसलं. शिक्का वाचून होईपर्यंत मनात तुलना झालेली असते.

अ‍ॅप समोर आणून ठेवतं ते फीड आटोक्यात आणणं अधिक उपयोगाचं. ‘लाइक’ केलं नाही तरी थांबून पाहिलं, पुन्हा पाहिलं, एवढंही अ‍ॅपला तसंच आणखी दाखवायला पुरतं. म्हणून चिडून पाहू नये, ‘यात रस नाही’ निवडावं आणि सुचवण्या एकदा पुसून नव्याने सुरू कराव्यात. कॅनडात 17 ते 25 वयाच्या 220 तरुणांवर झालेला, 2023 मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग सांगण्याजोगा आहे. त्यांतल्या सुमारे निम्म्यांना तीन आठवडे समाजमाध्यमांवर दिवसाला तासाभराचीच मुभा होती. आपल्या रूपाबद्दल आणि वजनाबद्दल त्यांना आधीपेक्षा बरं वाटू लागलं. फोन सोडावा लागला नाही, वेळ साधारण निम्म्यावर आला एवढंच.

आईवडिलांसाठी एक खूण. कुणाला सहसा दिसतही नाही अशा व्यंगाचा विचार दिवसातून तासाभराहून अधिक चालतो, आरसा सारखा पाहिला जातो किंवा पूर्ण टाळला जातो, फोटो आणि बाहेर जाणं बंद होतं, तेव्हा तो नखरा नसतो. तो देहरूपाचा मानसिक आजार असू शकतो. तो बहुधा किशोरवयातच सुरू होतो आणि वर्तन उपचारांनी व औषधांनी त्यात सुधारणा होते. ‘छान दिसतेस गं’ असं शंभरदा सांगून तो जात नाही. मनोविकारतज्ज्ञाकडे आधी जावं, सर्जनकडे नव्हे.

आणि एक विनंती आपल्याला. आपल्या पुरवणीत छापल्या जाणाऱ्या चेहऱ्यांवरची रंध्रं, डोळ्यांखालच्या रेषा आणि हनुवटीवरचा पुरळ पुसू नयेत.

आपली नम्र,
एक वाचक