पावणेदोन, अडीच, तीन सूत

कांदिवली (पूर्व), मुंबई
दि. ९ मे

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

तू एसटीच्या पार्सलने पाठवलेला डबा काल बोरिवली डेपोतून सोडवून आणला. आपल्या ट्रॅक्टरचे जुने ऑइल सील (शाफ्टभोवती तेल अडवणारी कडी), पुढच्या चाकाचे बेअरिंग आणि चिंधीत गुंडाळलेली, डिझेल फवारणारी दोन नोझल सुखरूप पोहोचली. काकूंनी तळाशी घातलेल्या शेंगदाण्याच्या चटणीला गिअर ऑइलचा किंचित वास लागला आहे, पण ती आम्ही सोडलेली नाही, एवढे त्यांना सांग.

मागच्या महिन्यात मी पाठवलेले सील हाउसिंगमध्ये, म्हणजे त्याच्या घरात, घट्ट बसण्याऐवजी खुळखुळले, त्यावरून तू फोनवर जे बोललास ते मी मनावर घेतलेले नाही, कारण चूक माझीच होती. तू पट्टीने मोजून आतले माप पंचेचाळीस, बाहेरचे त्रेसष्ट आणि जाडी साडेनऊ मिलिमीटर असे आकडे सांगितलेस, मी ते कागदावर लिहून घेतले आणि दुसऱ्या दिवशी दादरला गाडी बदलून मशीद स्टेशनला उतरलो. नागदेवीच्या दुकानदाराने कागद पाहून सांगितले की पंचेचाळीसच्या शाफ्टला बाहेरचे माप बासष्टचे मिळते किंवा पासष्टचे मिळते, त्रेसष्टचे त्याच्याकडे येत नाही. त्याच वेळी माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. टूलरूममध्ये तीस वर्षे काढलेल्या माणसाने असे समजून चालावे की पट्टीने मोजताना मित्राची नजर एक मिलिमीटर इकडेतिकडे झाली असेल, याला काय म्हणावे? मी बासष्टचे सील घेतले आणि तुला पाठवून दिले.

काल तुझे जुने सील व्हर्निअरमध्ये धरले तेव्हा उलगडा झाला. बाहेरचे माप साडेत्रेसष्टच्या किंचित वर भरते, म्हणजे अडीच इंच आणि वर दाबून बसण्यासाठी लागणारा केसभर वाढावा. आतून ज्या शाफ्टवर ते चालत होते तो पंचेचाळीसचा नाही, ४४.४५ मिलिमीटरचा, म्हणजे पावणेदोन इंचाचा आहे. जाडी तीन सूत, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पावणेदोन, अडीच, तीन सूत असे म्हटल्याबरोबर सगळे जागेवर येते, आणि मिलिमीटरमध्ये म्हटले की प्रत्येक आकडा जवळच्या चुकीच्या आकड्याकडे ओढला जातो. आज पुन्हा त्याच दुकानात गेलो आणि इंची माप सांगितले, तर त्याने मागच्या फळीवरची धूळ झटकून दोन मिनिटांत सील काढून दिले. वर पहिल्यांदाच असे सांगितले असते तर, हेही ऐकवले. मी दोन सील घेतली आहेत. एक बसवताना दुमडलेच तर दुसरे हाताशी असावे.

तू हे लक्षात घे की आपला बी-२७५ हा ट्रॅक्टर मुळात इंग्लंडमधल्या डॉनकास्टरच्या कारखान्यातला, इंची मापांत आखलेला. १९६३ साली इंटरनॅशनल हार्वेस्टर, महिंद्रा आणि व्होल्टास यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली आणि हे ट्रॅक्टर इथे, आमच्या कांदिवलीत बनू लागले; ती कंपनी पुढे १९७७ मध्ये महिंद्रात विलीन झाली. नकाशे तिकडून आले तशी मापेही तिकडूनच आली. इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) तीन इंच तीन सूत आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल) चार इंच, चार सिलिंडर मिळून जवळजवळ १४४ घनइंच, म्हणूनच इंजिनाच्या नावात १४४ हा आकडा आहे. तुझ्या वडिलांनी ज्या ट्रॅक्टरला हळदकुंकू लावून वेशीतून आत आणले त्याचा जन्म माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर झाला, आणि आकुर्ली रोडवरून भाजी घेऊन येताना मला दर वेळी त्याची आठवण होते. अर्थात जन्मगाव जवळ आहे म्हणून सुटे भाग जवळ मिळतील, असा अर्थ तू काढू नकोस.

मुंबईत जुन्या ट्रॅक्टरच्या भागांसाठी माणूस भटकला तर रिकाम्या हाताने परततो, कारण इथे शेती नाही आणि त्यामुळे ट्रॅक्टरचे भंगारही नाही. कुर्ल्याच्या भंगारात मोटारी आणि ट्रक यांचे डोंगर आहेत, ऑपेरा हाउसकडे मोटारींच्या सुट्या भागांची दुकाने आहेत, पण बी-२७५ म्हटले की समोरचा माणूस आपल्याकडे सहानुभूतीने पाहतो. मात्र तोच माणूस बेअरिंगचा नंबर, सीलचे माप किंवा पट्ट्याची लांबी सांगितली की क्षणात वस्तू पुढे ठेवतो. ट्रॅक्टर बनवणाऱ्यांनी बेअरिंग स्वतः ओतलेले नसते, सील स्वतः कातलेले नसते. त्यांनीही ते बाजारातून, ठरलेल्या मापांचे, विकत घेतलेले असते. तुझ्या यादीत मी खुणा केल्या तेव्हा सोळापैकी अकरा वस्तू अशा निघाल्या की ज्यांचा ट्रॅक्टरशी काही संबंधच नाही. त्यामुळे इथून पुढे मला भागाचे नाव सांगू नकोस, नंबर आणि माप सांग. ट्रॅक्टरचे नाव घेतले की किंमतही वाढते, हे आणखी एक.

बेअरिंगच्या बाबतीत थोडे सविस्तर लिहितो, कारण अण्णा मिस्त्री फोनवर म्हणाले की पुढच्या चाकाचे बेअरिंग आता येत नाही आणि हबच बदलावा लागेल. साध्या मेट्रिक बॉल बेअरिंगवर ६२०६ सारखा नंबर असतो, त्यातले शेवटचे दोन आकडे ०४ किंवा त्यापुढचे असले तर त्यांना पाचाने गुणले की आतल्या भोकाचे माप मिळते, म्हणजे ६२०६ चे भोक तीस मिलिमीटरचे. कोणत्याही कंपनीचे घेतले तरी ते तेवढेच भरते. तुझे मात्र टेपर, म्हणजे निमुळत्या रोलरचे, बेअरिंग आहे आणि तेही इंची, त्यात बाहेरच्या कपाला वेगळा नंबर असतो आणि आतल्या कोनला वेगळा. एकाच कोनवर बाहेरून लहानमोठे असलेले दोन-तीन प्रकारचे कप चालतात, म्हणून नुसत्या कोनच्या नंबरावर खरेदी केली की हमखास फसगत होते. तुझ्या कपावरचा नंबर गंजाने गेला आहे, कोनवरचा रॉकेल लावून घासल्यावर भिंगातून वाचता आला. कपाचे बाहेरचे माप आणि रुंदी मोजून दुकानातल्या तक्त्याशी ताडून पाहिली आणि जोडी मिळाली. हब बदलण्याची काहीही गरज नाही. अण्णांना हे सांगताना जरा जपून सांग, नाहीतर ते पुढच्या वेळी फोन घेणार नाहीत.

बेअरिंगच्या डब्यांवर नामांकित नावे छापून आत भलताच माल घालण्याचा धंदा जोरात आहे, म्हणून मी ओळखीच्या दुकानाबाहेर जात नाही. अक्षरे रिंगवर नीट कोरलेली आहेत का, रोलर फिरवताना कुठे कुरकुर लागते का, हे पाहूनच पैसे दिले.

आता सील बसवण्याबद्दल, आणि हे मी पहिल्या पत्रातच लिहायला हवे होते. उजव्या ब्रेकमध्ये तेल उतरते म्हणून आपण थेट सीलवर गेलो, पण गिअरबॉक्सचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारे तोंड, मातीने बंद झाला असेल तर आतली हवा तापून फुगते आणि तेलाला चांगल्या सीलमधूनही बाहेर ढकलते. आधी तो ब्रीदर काढून डिझेलमध्ये धुऊन घे, आणि तेलाची पातळी खुणेच्या वर नाही ना तेही पाहा. ‘थोडे जास्त असलेले बरे’ हा आपल्याकडचा समज इथे नडतो. त्यानंतर शाफ्ट पुसून जिथे जुन्या सीलची ओठपट्टी फिरत होती तिथे नख फिरव. नख अडकले तर समज की शाफ्टवर चर पडला आहे आणि नवे सील त्याच जागी बसवले तर आठवड्यात गळू लागेल. अशा वेळी सील दोन-तीन मिलिमीटर आत किंवा बाहेर बसवायचे, म्हणजे ओठ कोऱ्या पृष्ठभागावर येतो. हाउसिंगमध्ये तेवढी जागा आहे की नाही हे मात्र तुलाच पाहावे लागेल. जागा नसेल तर शाफ्ट माझ्याकडे पाठव. त्या भागावर हार्ड क्रोम चढवून मापात ग्राइंड करून देणारा माझा एक जुना सहकारी भांडुपला आहे.

सीलची स्प्रिंग असलेली बाजू तेलाकडे ठेवायची, ओठाला आधी ग्रीस लावायचे, आणि शाफ्टच्या खाचांवरून नेताना खाचांना जाड कागद गुंडाळायचा. हातोडी थेट मारू नकोस, जुने सील वर ठेवून त्यावर लाकडी ठोकळा धर. तेल लागलेले ब्रेकचे लायनिंग पेट्रोलने धुऊन परत वापरण्याचा विचारही करू नकोस. ते आतपर्यंत तेल प्यायलेले असते.

नोझलचे प्रकरण वेगळे आहे. दोन्ही मी डिझेल पंपाच्या वर्कशॉपमध्ये टेस्टरवर लावून घेतली. एकाचा फवारा चांगला आहे, दुसरे टपकते, आणि टपकणाऱ्या नोझलमुळे त्या सिलिंडरचा ठोका वाजतो व धूरही येतो. पण मला संशय असा आहे की तुझ्या पुतण्याने दोन्ही एकाच वाटीत धुताना आतल्या सुया अदलाबदल केल्या. नोझलची सुई आणि तिचे घर ही एकमेकांत घासून केलेली जोडी असते, त्यांच्यातली फट काही मायक्रॉनांची. एकाची सुई दुसऱ्यात गेली की ती दिसायला बसते, पण काम करत नाही. पंपातल्या प्लंजरचेही तसेच असते. सुया परत बदलून पाहिल्या, तरी एक टपकतेच, त्यामुळे त्याचे नोझल नवे घेतले. सोबत तांब्याचे वॉशर पाठवत आहे. जुने वापरायची वेळ आलीच तर लाल होईपर्यंत तापवून गार कर, म्हणजे तांबे पुन्हा मऊ होते आणि नीट दबते.

पंप मात्र आत्ता उतरवू नकोस, आणि फुल इंजिनचे कामही काढू नकोस. तू लिहितोस की नांगराला जोर लागला की काळा धूर येतो. निळा धूर असता तर रिंगा आणि स्लीव्ह यांच्याबद्दल मी गंभीरपणे विचार केला असता, कारण निळा म्हणजे तेल जळते. काळा म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त. त्यात एक वाटा टपकणाऱ्या नोझलचा असेल, पण ज्या ट्रॅक्टरने दोन उन्हाळे कोरड्या मातीत रोटाव्हेटर ओढला त्याच्या एअर क्लीनरच्या तळाशी तेल उरले आहे की चिखल, हे तू उघडून पाहिलेस का? तेलाची वाटी काढून धू, जाळी डिझेलमध्ये बुडवून झटक आणि खुणेपर्यंत नवे तेल घाल. याला खर्च जवळजवळ नाही. एवढे करून धूर गेला नाही तर पंप कॅलिब्रेशनला पाठवू, आणि त्याही नंतर इंजिनाचे झाकण.

बोल्टांबद्दल एक तक्रार करतो. डब्यात तू नमुना म्हणून जे तीन बोल्ट टाकलेस त्यांतले दोन आठ मिलिमीटरचे आहेत आणि भोक अडीच सुताचे आहे. दोघांच्या जाडीत फरक इतका थोडा की आठचा बोल्ट अडीच सुताच्या भोकात दोन-तीन आटे आरामात जातो, मग अडतो, मग कोणीतरी पान्याला नळी लावतो आणि कास्टिंगमधले आटे कायमचे जातात. ज्याने हे केले त्याला शोधून काढ. मी योग्य आट्यांचे डझनभर बोल्ट आणि भोकात आटे पाडायचा एक टॅप पाठवत आहे. टॅप तेल लावून हाताने हळू फिरवायचा, अर्धा फेरा पुढे आणि पाव फेरा मागे.

राहता राहिला दुसऱ्या गिअरचा तुटलेला दात आणि लिफ्टचा कंट्रोल व्हॉल्व्ह. हे खरोखर त्याच ट्रॅक्टरचे भाग आहेत आणि इथे ते मिळणार नाहीत. राजकोट आणि लुधियानात असे गिअर अजून बनतात आणि तुमच्या तालुक्याच्या दुकानात ते माझ्यापेक्षा लवकर येतील. फक्त दात मोजून आणि जुना गिअर सोबत नेऊनच घे. व्हॉल्व्हसाठी आधी भंगारवाल्याकडे चक्कर मार. तो मिळेपर्यंत उचललेल्या नांगराखाली कोणालाही हात घालू देऊ नकोस, इंजिन बंद केल्यावर तो आपोआप खाली येतो हे तूच लिहिले आहेस.

पार्सल शुक्रवारी रात्रीच्या गाडीने टाकतो. त्यात सील दोन, टेपर बेअरिंगची जोडी एक, नोझल दोन, वॉशर, बोल्ट आणि टॅप आहेत. चटणीचा डबा धुऊन त्यातच भरला आहे. हाउसिंग उघडल्यावर शाफ्टवर नख अडकते की नाही ते त्याच दिवशी कळव, कारण क्रोमचे काम करून परत यायला दहा दिवस जातील आणि मृग लागायला आता चार आठवडेच उरले आहेत. या वेळी व्हर्निअरने मोज. तोही डब्यात आहे, माझा जुनाच, तेवढा परत पाठव.

काकूंना नमस्कार, वहिनींना नमस्कार, आणि पुतण्याला नोझलबद्दल फार बोलू नकोस.

तुझा,
सुधाकर