बचत पहिल्या मालकाची, बिल तिसऱ्याचे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वाहनांच्या इंधनक्षमतेचे नियम आणखी कडक करा, असे सांगणाऱ्या लेखांत एक हिशेब हमखास असतो. नव्या गाडीला थोडे जास्त पैसे मोजा, काही वर्षांत पेट्रोलच्या बचतीतून ते वसूल होतील. मी ३१ वर्षे गाड्या दुरुस्त करतो आहे. हा हिशेब खोटा नाही, पण तो पहिल्या मालकापुरताच खरा आहे. पहिला मालक माझ्याकडे क्वचितच येतो. वॉरंटी असेपर्यंत तो कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जातो आणि वॉरंटी संपली की गाडी विकतो. माझ्या गॅरेजात येतो तो दुसरा, बऱ्याचदा तिसरा मालक.

गेल्या वर्षी रात्रपाळी करणारी एक परिचारिका सात वर्षांची सेकंड हँड गाडी घेऊन आली. ७४ हजार किलोमीटर चाललेली, लहान टर्बो इंजिन, ॲव्हरेज खरोखर उत्तम. पण सकाळी सेल्फ बराच वेळ मारावा लागे आणि चढावर गाडीचा दम तुटे. हाय प्रेशर पंप गेला होता. जुन्या पद्धतीच्या इंजेक्शनमध्ये पेट्रोलचा दाब तीन-चार बार असायचा. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनात तो २०० बारपर्यंत जातो. तो पंप उघडून दुरुस्त करता येत नाही, आख्खा बदलावा लागतो. सोबत दोन इंजेक्टरही गेले होते. ते मी बसवू शकलो असतो, पण गाडीच्या कॉम्प्युटरला त्यांची ओळख पटवून देण्याची सोय माझ्या स्कॅनरमध्ये नव्हती. गाडी टो करून सर्व्हिस सेंटरला न्यावी लागली. एकूण खर्च तिने गाडी घेतली त्या रकमेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा झाला. पैसे जमेपर्यंत दोन महिने गाडी उभी होती, आणि ती पहाटे मिळेल त्या वाहनाने घरी जात होती. कर्जाचे हप्ते मात्र चालूच होते.

एवढ्यावर थांबत नाही. सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या इंजिनाला साधी बॅटरी चालत नाही, खास महागडी लागते. वजन घटवायला ॲल्युमिनियमचा पत्रा आला. माझा डेंटर लोखंडी पत्रा ठोकून सरळ करतो, ॲल्युमिनियमचा दरवाजा मात्र बहुतेक वेळा बदलावाच लागतो. वजनासाठी काही गाड्यांतली स्टेपनीसुद्धा काढली आणि हातात पंक्चरचे किट दिले. टायर कडेला फाटला तर त्या किटचा काही उपयोग नाही.

नियम नकोत असे मी म्हणत नाही. अमेरिकेने १९७३च्या तेलबंदीनंतर १९७५ साली असा कायदा केला. १९७८च्या गाड्यांना गॅलनला १८ मैल, १९८५च्या गाड्यांना २७.५ मैल. आपल्या मापात लिटरला सुमारे ७.७ वरून ११.७ किलोमीटर. १० हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीमागे सुमारे साडेचारशे लिटर वाचले. गाड्या हलक्या झाल्या, कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आले, आणि ते बदल माझ्यासारख्याला शिकता आले. आता तेवढ्याच अंतरावर लिटरला २० किलोमीटरवरून २५वर गेलात तर १०० लिटर वाचतात, २५ वरून ३० गेलात तर ६७. बचत दर पायरीला आकसते आणि ती मिळवणारे भाग दर पायरीला महाग आणि नाजूक होतात. ॲव्हरेजचा आकडा वाढताना दिसतो म्हणून ही गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही.

नवी गाडी महागली की दुसरेही घडते. लोक जुनी गाडी आणखी चार वर्षे ओढतात. हॉवर्ड ग्रुएनस्पेक्ट या अर्थशास्त्रज्ञाने १९८२ साली प्रदूषण नियमांबाबत हे मांडले होते. मला ते रोज दिसते. जी गाडी भंगारात जायला हवी, तिचे इंजिन काम करून द्या म्हणून गिऱ्हाईक हात जोडतो. सेकंड हँडचे भावही चढतात, म्हणजे ज्याला नवी परवडत नाही त्यालाच दोन्हीकडून झळ.

आणि एवढे करून रस्त्यावरच्या गाड्या लहान राहिल्या का? अमेरिकेत हलक्या ट्रकना (यात पिकअप आणि बऱ्याच एसयूव्हीही येतात) सैल मर्यादा होती, त्यामुळे कंपन्या तिकडे वळल्या आणि आज तिथे नव्या गाड्यांत निम्म्याहून जास्त त्याच वर्गातल्या आहेत. भारतात कंपनीच्या गाड्यांचे सरासरी वजन जास्त असेल तर मर्यादाही सैल होते. हलकी, साधी, कमी पिणारी गाडी बनवणाऱ्याला यात कसले प्रोत्साहन? वजनाचा प्रश्न जिवाशीही जोडलेला आहे. अमेरिकेतल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या २००२च्या अहवालात, गाड्या लहान आणि हलक्या झाल्याने एकट्या १९९३ साली १,३०० ते २,६०० जास्तीचे मृत्यू झाले असावेत, असा अंदाज दिला होता. समितीतल्या दोघांना तो मान्य नव्हता. मला त्यातून एवढेच दिसते की हलक्या गाडीशेजारून अवजड गाडी धावत असेल तर धोका हलक्या गाडीतल्याला, आणि अवजड गाड्यांना सूट देणारा नियम तो धोका वाढवतो.

तेव्हा पुढची मर्यादा ठरवण्याआधी वजनाची सूट काढा. दुसरे, दुरुस्तीची माहिती आणि कोडिंगची, म्हणजे नव्या भागाची कॉम्प्युटरला ओळख पटवण्याची सोय बाहेरच्या गॅरेजना देणे सक्तीचे करा. युरोपीय संघाने २००७च्या नियमातच दुरुस्तीच्या माहितीची तरतूद केली होती. तिसरे, अमेरिकेत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले घातक वायू कमी करणारा भाग) आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरला आठ वर्षे किंवा ८० हजार मैलांची वॉरंटी कायद्याने द्यावी लागते, म्हणजे जवळपास १ लाख २८ हजार किलोमीटर. प्रदूषणाच्या भागांना हे जमते, तर इंधन वाचवण्यासाठी बसवलेल्या हाय प्रेशर पंपाला, इंजेक्टरला, टर्बोला का नाही? ती वॉरंटी गाडीबरोबर तिसऱ्या मालकाकडे जावी. त्या परिचारिकेचा पंप त्या मुदतीत आला असता.

आपला,
एक मोटार मेकॅनिक