लाल गोळीत बी-१२ घाला: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय, सविनय नमस्कार.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. मुलांच्या वाचन-गणिताचं गाऱ्हाणं खरं तर शिक्षणमंत्र्यांकडे न्यायचं. मी मुद्दाम आपल्याकडे आले आहे. ‘निपुण’ या वाचन-गणिताच्या सरकारी मोहिमेच्या चाचणीत मागे पडणाऱ्या काही मुलांचं नुकसान शाळेत नाव घालायच्या कितीतरी आधी, आईच्या पोटातच झालेलं असतं.

हे काही माझ्या मनचं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास करत आले आहेत. ती मुलं नऊ वर्षांची झाल्यावर काहींच्या चाचण्या घेतल्या. गरोदरपणी ज्या आयांच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व फार कमी होतं, त्यांची मुलं लक्ष टिकवण्यात आणि ऐकलेले आकडे उलट्या क्रमाने सांगण्यात मागे पडली. ऐकलेलं डोक्यात धरून ठेवता येत नसेल तर हातच्याची बेरीज कशी जमायची?

मज्जातंतूंवरचं आवरण तयार व्हायला बी-१२ लागतं. ते मिळतं दूध, अंडी, मांस-मासळीतून. भाकरी, ठेचा आणि पातळ वरणात ते नसतं. आमच्याकडे दारात गाय असलेली घरं पुष्कळ. पण पहाटे धार काढली की किटली डेअरीच्या काट्यावर जाते, घरात उरतं चहापुरतं. अंडं-मटण कित्येक घरांत चालत नाही. चालतं तिथेही गरोदर सून जेवायला बसते सगळ्यांच्या शेवटी. अशा बाईला ‘सकस आहार घ्या’ म्हणून भिंती रंगवून काय सांगायचं?

सरकार तिला १८० दिवस लाल गोळी देतं. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. हवीच ती, पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला. पण या गोळीत बी-१२ नाही. मोठ्या मुलींना आठवड्याला मिळते त्या लोहाच्या निळ्या गोळीतही नाही.

याज्ञिकांच्या गटाने हेही करून पाहिलंय. त्याच गावांतली मुलं वयात आल्यावर २०१२ पासून त्यांतल्या काहींना रोज २ मायक्रोग्रॅम बी-१२ दिलं. त्यांतल्या मुलींना पुढे मुलं झाली. नुसतं बी-१२ घेतलेल्यांची मुलं दोन वर्षांच्या सुमारास आकलनात आणि भाषेत, ते न मिळालेल्यांच्या मुलांपेक्षा पुढे होती. तपासलेली मुलं थोडी होती, हे मान्य. म्हणूनच संपूर्ण राज्यासाठी उद्याच आदेश काढा, असं मी म्हणत नाही. एक जिल्हा निवडा. तिथे निळ्या आणि लाल गोळीसोबत बी-१२ द्या, शेजारच्या जिल्ह्याशी ताडून पाहा. आशाताई घरोघरी जातातच, नोंदवही त्यांच्याकडे आहेच. मुलं तीन वर्षांची होईपर्यंत त्यांची तपासणी व्हावी आणि निकाल, कसाही येवो, जाहीर व्हावा.

सुरुवात निळ्या गोळीपासूनच करा, एवढा आग्रह मात्र आहे. दिवस राहिल्याचं कळून नाव नोंदवेपर्यंत बाळाच्या मेंदूची पहिली घडण झालेली असते. आणि माझ्या हाताखालून गेलेल्या कितीतरी मुली अठरा-एकोणिसाव्या वर्षी आई होतात.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका,
ता. सांगोला, जि. सोलापूर