सुमे, त्या नऊ दिवसांबद्दल

सदाशिव पेठ, पुणे
बुधवार, रात्री उशिरा

सुमे,

संक्रांतीपासून एक ओळ लिहिली नाही, आधी हव्या तेवढ्या शिव्या घाल. माझं बरंय, साखर काठावर.

चिन्मयला रुमॅटिक ताप आलाय. आषाढात घसा धरला होता. वहिनीचा फोन आला तेव्हा मी वर्गाच्या दारात. म्हटलं, "व्हायरल असेल गं, मिठाच्या गुळण्या दे." मायक्रोबायॉलॉजीची एम.एस्सी. ना मी! घसा धरल्यापासून नऊ दिवसांत पेनिसिलिन सुरू झालं तर हा ताप टळतो, हे दर वर्षी फळ्यावर लिहिते. तीन आठवड्यांनी उजवा गुडघा टम्म सुजला, तो उतरतोय तोवर डावा घोटा. रक्तात एएसओ, म्हणजे स्ट्रेप्टोकॉकसविरुद्धची अँटिबॉडी, वाढलेली; इकोत हृदयाची मायट्रल झडप गळतेय. थोडीच, म्हणतात.

जंतू वाढवायच्या आपल्या ब्लड अगारच्या, त्या रक्त घातलेल्या, प्लेटा आठवतात? टाचणीच्या टोकाएवढी कॉलनी, भोवती स्वच्छ वर्तुळ. तू म्हणायचीस, चंद्राला खळं पडलंय. (प्लेट माझी होती, हे अजून कबूल कर.) घसा धरवणाऱ्या त्याच स्ट्रेप्टोकॉकसच्या अंगावरचं एम प्रथिन आपल्याच रक्तातला, कॉम्प्लिमेंटला आवर घालणारा फॅक्टर एच ओढून घेतं, मग कॉम्प्लिमेंट, म्हणजे जंतूवर खूण करणारी रक्तातली प्रथिनं, नीट बसत नाही आणि पांढऱ्या पेशींना जंतू गिळता येत नाही. त्या पेशींना हाक मारणारा कॉम्प्लिमेंटचाच तुकडा, सी५ए, तोडायला जंतूकडे एन्झाइम वेगळंच. एवढ्यातून शरीर अँटिबॉडी बनवतं, तर एमची पिळदार ठेवण थेट हृदयाच्या स्नायूतल्या मायोसिन प्रथिनासारखी! अँटिबॉडीला झडपही परकी वाटते, मागोमाग टी पेशी येतात. लशीचं घोडं अडलंय त्यातही ही भीती आहेच.

यावरूनच टपरीवर भांडलो होतो आपण. तू म्हणालीस, जंतू निमित्त, घर जाळतो तो पहारेकरी. मी दोन दिवस बोलले नव्हते. आता रात्री जाग आली की दोघंही सुटतात, गुळण्या सांगणारी तेवढी उरते. वहिनी एका शब्दाने बोललेली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आता दर 21 दिवसांनी बेंझाथिन पेनिसिलिन, निदान दहा वर्षं. चिन्मयने मोबाइलवर भागाकार केला. "आत्या, 174 वेळा." मग विचारलं, लीप वर्षं धरायची का?

तुझ्या बदलीचं काय झालं? सासूबाईंचा मोतीबिंदू काढला? मन्याला आशीर्वाद.

पुढचं इंजेक्शन परवा, मीच नेणार आहे. फोन करू नकोस, रडेन. पत्रच लिही.

तुझी,
नंदा