स्टेम विकणाऱ्यांनो, दुसरा आकडाही लिहा ना

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मागे जुन्या रेसर सायकली पुन्हा रस्त्यावर आणायच्या म्हणून एक लेख आला होता, चांगला होता, फोटोही झकास, पण त्यात एक ओळ अशी होती की स्टेम बदलणं म्हणजे सगळ्यात सोपं काम, एक बोल्ट ढिला करा, जुना काढा, नवा टाका. ती ओळ वाचली अन् माझं डावं कोपर ठणकायला लागलं. खरंच सांगतो. हेच सोपं काम करून मी डिसेंबरात आर्वी रोडवर तुरीच्या धुऱ्यावर जाऊन पडलो होतो.

स्टेम म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण आपल्या खेड्यात त्याला वेगळं नावच नाही. आपली काळी बावीस इंची सायकल घ्या, तिचं हँडल अन् खाली चिमट्याच्या नळीत जाणारा दांडा हे जोडून आलेलं एकच पीस असते, मिस्त्रीच्या लेखी ते सगळं मिळून हँडल. रेसरचं तसं नाही. तिथं मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं हँडल वेगळं, अन् त्याला मधोमध पकडून नळीत उतरणारा, इंग्रजी सातच्या आकड्यासारखा तुकडा वेगळा. तो स्टेम. म्हणजे त्याला दोन मापं असतात, खाली नळीत बसायचं एक अन् वर हँडल पकडायचं दुसरं, अन् ही दोन मापं एकमेकांना काही विचारत नाहीत.

माझी सायकल पुतण्यानं पुण्याहून ट्रॅव्हल्सच्या डिक्कीत टाकून आणली, जपानी बनावटीची, तीसेक वर्षं जुनी, फ्रेम अजून खणखणीत. फक्त स्टेमची नळीपासून हँडलपर्यंतची लांबी १२० मिलीमीटर, आता माझं वय बावन्न, पोट थोडं पुढं, एवढं वाकून पुलगावपर्यंत जाऊन आलो की मानेत गोळा यायचा. म्हणून ९० चा घ्यायचं ठरवलं. जुना काढतानाच पहिला घाम फुटला. वरचा बोल्ट दोन-तीन आटे ढिला करायचा अन् त्यावर लाकूड ठेवून हातोडीनं ठोकायचं म्हणजे आतली पाचर सुटते, तेवढं जमलं, पण स्टेम ॲल्युमिनियमचा अन् नळी लोखंडाची, इतक्या वर्षांच्या घामापाण्यानं दोघं असे चिकटले होते की तीन दिवस तेल सोडत राहिलो तेव्हा कुठं कुरकुरत वर आला, सगळा पांढरा भुगा लागलेला. (नवा टाकताना दांड्याला ग्रीस लावा, अन् त्यावर कमीत कमी किती आत जायला पाहिजे त्याची रेघ असते ती बाहेर दिसू देऊ नका, हे लेखात असतं तर बरं झालं असतं.)

नवा स्टेम ऑनलाइन मागवला. जाहिरातीत ठळक लिहिलं होतं २२.२ मिलीमीटर. मी जुन्याचा दांडा मोजला, २२.२. झालं, जुळलं म्हणून पैसे भरले. वर हँडलचं माप किती, हे ना त्यांनी लिहिलं ना मी विचारलं. पार्सल आलं, दांडा नळीत लोण्यासारखा गेला, हँडल घातलं तर तेही आरामात गेलं, जरा जास्तच आरामात, पण मला वाटलं बोल्ट आवळला की बसते. गावातल्या मिस्त्रीनं आवळला, पुन्हा आवळला, पाना लावून अंगाचा जोर टाकला, शेवटी क्लॅम्पचे, म्हणजे हँडल पकडणाऱ्या कड्याचे, दोन्ही कान एकमेकांना टेकले. तो म्हणे, भाऊ आता हे काय हलत नाही, आता थेट भंगारातच निघन.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंडीत निघालो. मागून कापसाची गाडी येऊन राहिली होती म्हणून मी कडेला घेतलं, पुढं खड्डा, दोन्ही हात ब्रेकच्या रबरावर टेकवून अंगाचा भार दिला अन् हँडल गपकन खाली फिरलं. पूर्णच. ब्रेकचे लिव्हर मातीकडं, माझं तोंडही मातीकडं. धुरा मऊ होता म्हणून कोपरावर निभावलं.

घरी येऊन स्टेम उलटा करून पाहिला तर पोटाखाली बारीक अक्षरात कोरलेलं, २६.०. अन् माझं हँडल २५.४. फक्त सहा दशांश मिलीमीटरचा फरक, नखाएवढाही नाही. पण यातून एक गोष्ट कळली ती सांगतो, कान एकमेकांना टेकले अन् तरी हँडल फिरते म्हणजे बोल्ट ढिला नाही, माप चुकलं आहे, आणखी आवळून काही होणार नाही, उलट बोल्टचे आटे जातील.

मग मी या मापांच्या मागंच लागलो. प्रत्येक देशाचं आपलं वेगळं चाललं होतं म्हणे. इंग्लंडचा एक इंच म्हणजे २५.४, जपानी सायकलीतही बहुतेक तेच, इटलीवाल्यांचं २६.०, त्यातही सिनेलीचं जुनं २६.४, दुसऱ्या काही इटालियन कंपन्यांचं २५.८, अन् जुन्या फ्रेंच सायकलींचं तर २५.०, वरून त्यांचा खालचा दांडाही २२.० चा, म्हणजे आपला बाजारातला २२.२ त्या नळीत जातच नाही. आजच्या नव्या गिअर सायकलींना बऱ्याचदा ३१.८, ते हँडल मधोमध इतकं जाड की जुन्या स्टेममध्ये घालायचा विचारही नको. कोणाला नवंच हँडल लावायचं असेल तर नळीत बसणारा २२.२ चा अन् वर २८.६ चा ॲडॉप्टर मिळते, त्यावर नवा चार बोल्टवाला स्टेम बसते. दिसायला कसंतरीच दिसते, धोतरावर कोट घातल्यासारखं, पण चालते.

मोजायचं कसं हा खरा प्रश्न. मिस्त्रीकडं व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, नाही. माझी पोरगी अकरावी सायन्सला आहे, तिच्या कॉलेजच्या लॅबमधल्या व्हर्नियरचं लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, ०.०१ सेंटीमीटर, म्हणजे एक दशांश मिलीमीटर, ते यासाठी पुरेसं आहे, सरांना विनंती केली तर नाही म्हणत नाहीत. पण पोरीनंच मला दुसरी युक्ती सांगितली. वहीच्या कागदाची अरुंद पट्टी कापायची, हँडलच्या मधल्या फुगीर भागाला ताणून एक वेढा द्यायचा, जिथं पट्टी पट्टीवर येते तिथं बॉलपेननं खूण करायची अन् कंपासच्या पट्टीवर मोजायचं. २५.४ चं हँडल असेल तर ७९.८ मिलीमीटर भरते, २६.० असेल तर ८१.७. जो फरक व्यासात डोळ्याला दिसत नाही तो परिघात जवळपास दोन मिलीमीटरचा होऊन समोर येते. "बाबा, पाय (π) गुणिले व्यास, तुमच्या येळेस नव्हतं का?" असं वरून ऐकून घ्यावं लागलं ती गोष्ट वेगळी. मोजायचं मात्र बरोबर मधोमधच, बाजूला ब्रेक बसतो तिथं हँडल २३.८ च असते, तिथलं माप घेऊन काही उपयोग नाही. स्टेमचा क्लॅम्प आतून मोजायच्या भानगडीत पडू नका, सुटा असताना तो कमीजास्त उघडा असते, खालचा कोरलेला आकडाच खरा.

आता काही जण म्हणतील की थंड्याच्या कॅनचा पत्रा गुंडाळायचा ना, कायले एवढं. मिस्त्रीनंही तेच सुचवलं. कॅनचा पत्रा साधारण एक दशांश मिलीमीटरचा, म्हणजे २५.४ ला २६.० करायला तीन पदर लागतात, अन् पदर पदरावर सरकते. गावातल्या गावात फिरायला ठीक, नाहीतर ०.३ चा एकच पत्रा नीट कापून घाला. मी स्वतः एकदा पडलो आहे, मी नाही घालणार. अन् उलटं, म्हणजे २६.० चं हँडल २५.४ च्या स्टेममध्ये पेचकस घालून फाकवून बसवायचं, हे तर बिलकुलच नको. ॲल्युमिनियम लोखंडासारखं वाकून परत येत नाही, तिथं चीर पडते, अन् ती चीर सहज कोणाला दिसत नाही. हँडलचा वाक पार करायला थोडं उघडावं लागते तेव्हा मी पन्नास पैशाचं जुनं नाणं फटीत ठेवतो अन् बोल्ट उलट्या बाजूनं आटे असलेल्या कानातून घालून नाण्यावर दाबतो, क्लॅम्प केसभर उघडते, तेवढंच बस.

शेवटी अमरावतीच्या एका जुन्या दुकानात भंगाराच्या डब्यात तळाशी मला ९० चा, खाली २२.२ वर २५.४ असा स्टेम मिळाला. ज्यांनी ऑनलाइन विकला त्यांना मी लिहिलं की बावा, वरचा आकडाही टाका, त्यांचं उत्तर आलं की सगळ्या रेसर सायकलींना बसते. नाही बसत. म्हणून तुम्हाला लिहून राहिलो, पुढच्या पुरवणीत चार ओळींची दुरुस्ती छापा, अन् पट्टीचे ते दोन आकडे, ७९.८ अन् ८१.७, तेवढे तरी चौकटीत टाका.

अन् माझा जुना स्टेम घरीच पडून आहे, भुगा घासून साफ केलेला, चीर नाही. खाली २२.२, वर २५.४, लांबी १२०. लांब हाताच्या कोण्या पोट्ट्याला पाहिजे असेल तर फुकट देतो, माझा नंबर तुमच्या कार्यालयात ठेवला आहे. येताना आपल्या हँडलची कागदाची पट्टी मोजून घेऊन ये म्हणा.

आपला,
एक सायकलवाला शेतकरी, ता. आर्वी, जि. वर्धा