काका, दहा तेवेतच्या उपासासाठी मनापासून थँक्यू

प्रिय काका,

हे सगळ्यांसमोर लिहितेय कारण आपल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, घरांमधल्या माझ्यासारख्या अजून किती तरी मुलींना हे कोणी सांगितलेलं नसेल. आव आणि तेवेत हे आपल्या ज्यू पंचांगातले महिने. नऊ आव, यरुशलेमचं मंदिर पडल्याच्या शोकाचा दिवस, म्हणजे आजीचा बिरड्याचा सण, आमच्या घरी सगळ्यांना पाठ, पण दहा तेवेतचा उपास म्हणजे कॅलेंडरवरची एक बारीक ओळ, बस.

१० जानेवारी २०२५ ला तो शुक्रवारी आला होता आणि तुम्ही देवळात, म्हणजे आपल्या सिनेगॉगमध्ये, आम्हा सगळ्यांना थांबवून समजावलंत, की या दिवशी यरुशलेममध्ये काहीच पडलं नव्हतं, फक्त बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या सैन्याने वेढा घातला होता, यहूदाचा राजा सिद्कीया याच्या नवव्या वर्षी, आणि तट फुटला तो थेट अकराव्या वर्षी. म्हणजे मधला एवढा काळ लोक आत जगत होते, आणि आपण रडतो ते शेवटासाठीच नाही तर सुरुवातीसाठी पण. यहेज्केल संदेष्ट्याला देवाने ही तारीख लिहून ठेवायला सांगितली, हेही मला तेव्हाच कळलं. मला वाटतं हा सगळ्यात शहाणा उपास आहे, कारण संकट दाराशी आलं तेव्हाच जागं व्हायला सांगतो.

आणि किती शांतपणे नियम सांगितलेत! पहाटेपासून चांदण्या दिसेपर्यंतच, किप्पूरच्या मोठ्या उपासासारखा आदल्या संध्याकाळपासून नाही, आंघोळ चालते, चामड्याच्या चपला चालतात. शुक्रवार असला तरी अर्ध्यात सोडायचा नाही, अंधार पडल्यावर किद्दुश, म्हणजे शब्बाथची द्राक्षारसावरची प्रार्थना, करूनच जेवायचं.

माझं बाळ तेव्हा अंगावर पित होतं, तरी मी उपास धरायचा हट्ट करत होते. तुम्ही ओरडला नाहीत, एवढंच म्हणालात की बाळंतिणीला आणि आजाऱ्याला यात माफी आहे, तू जेव, आणि उपासाचं खरं पुण्य दानात असतं असं आपले रब्बी, म्हणजे धर्मगुरू, सांगून गेलेत, तर एका दिवसाच्या जेवणाचे पैसे कोणा गरजूला दे. मी दिले. त्या दिवशी मी पोटभर जेवून पण त्या उपासात होते काका, हे तुमच्यामुळे.

इस्राएलमध्ये याच दिवशी होलोकॉस्टमधल्या ज्यांची मरणाची तारीखच माहीत नाही त्यांच्यासाठी कद्दीश, म्हणजे गेलेल्यांसाठीची प्रार्थना, म्हणतात हेही तुम्ही सांगितलंत, आणि आमच्या देवळातही त्यांच्यासाठी म्हणालात. नाव नाही, तारीख नाही, तरी कोणीतरी उभं राहून म्हणतंय, हे ऐकून माझे बाबा रडले, आणि त्यांना रडताना मी फारसं पाहिलेलं नाही.

तुमची तब्येत सांभाळा. यंदा बाळ मोठं झालंय, मी उपास धरणार आहे, आणि बाबा पण.

तुमची,
देवळातली एक मुलगी